जुन्या फियाटचा पॉइंट: शोधायचा कसा, घ्यायचा कसा



रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून फक्त सारांश देतो. सासरे तीन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. त्यांची १९६८ची फियाट डिलाइट घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन फिरतं, पण पेटत नाही. गावातला गॅरेजवाला म्हणतो, "करंट येत नाही, आणि याचे पार्ट आता बाजारात नाहीत." मोठे दीर म्हणतात, भंगारवाला देईल ते घेऊन मोकळे होऊ. आयटीआयला जाणारा मुलगा म्हणतो, अम्मी, मी चालू करतो. त्या भगिनी विचारतात, पार्ट खरंच मिळत नाहीत का? आणि मिळाले तरी त्यावर पैसा घालणं ही उधळपट्टी तर नाही?

अशी गाडी कोकणात, मराठवाड्यात, पुण्या-मुंबईत अनेक घरांत उभी आहे. कुठे फियाट, कुठे अॅम्बेसेडर, कुठे जीप. म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात असं की पार्ट मिळतात, पण मागायची पद्धत बदलावी लागते. त्यासाठी आधी गाडी पेटते कशी ते समजून घेऊ.

ठिणगीचा प्रवास

चावी फिरवली की बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट कॉइलमध्ये जातो. कॉइलमध्ये तांब्याच्या तारेची दोन गुंडाळणं असतात. एक जाड तारेचं आणि कमी वेढ्यांचं, दुसरं केसासारख्या बारीक तारेचं आणि हजारो वेढ्यांचं. जाड तारेतला करंट पुढे डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटमधून बॉडीला, म्हणजे अर्थला जातो. पॉइंट म्हणजे एकमेकींना टेकलेल्या दोन छोट्या टिकल्या. इंजिन फिरतं तसा मधला दांडा त्या टिकल्या उघडतो. त्या उघडल्या की करंट तुटतो, आणि त्याच क्षणी बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तो जाड काळ्या वायरीतून डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येतो, मधल्या कार्बनवरून रोटरवर जातो आणि रोटर ज्या प्लगकडे तोंड करून असेल त्या प्लगवर ठिणगी पडते. बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो तो टिकल्या उघडताना त्यांच्यातच ठिणगी जळू नये म्हणून.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. त्या बरोबर वेळेवर पडायला हव्यात. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी ही रचना १९१०च्या सुमारास बसवली, आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. आपल्याकडची फियाट, अॅम्बेसेडर, पेट्रोल जीप, मॉरिस या सगळ्यांची रीत एकच. गाडीचं नाव बाजारातून गेलं तरी तिच्या ठिणगीची पद्धत शेकडो दुसऱ्या गाड्यांसारखीच आहे, हे कळलं की अर्धी भीती जाते.

बाजारात जाण्याआधी

तीन वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत करंट न येण्याचं कारण बऱ्याचदा अगदी साधं असतं. कोकणच्या दमट हवेत पॉइंटच्या टिकल्यांवर पापुद्रा चढतो आणि त्यातून करंट जात नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करा. कॅप काढा. टिकल्या बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं साफ करा आणि स्वच्छ कोरड्या कपड्यानं पुसा. फिलर गेज घालून अंतर बघा. हे अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतं. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं आणि तेच पाळायचं. पुष्कळ गाड्या एवढ्यानंच बोलू लागतात, आणि ज्या पार्टसाठी मुंबई गाठणार होतो तो हवाच नव्हता असं निघतं.

तरीही पेटली नाही तर एकेक पायरी तपासा. पॉइंट बंद असताना चावी ऑन करा आणि लाकडी काडीनं पॉइंट उघडा. टिकल्यांमध्ये बारीकशी ठिणगी दिसली तर बॅटरीपासून इथपर्यंतचा रस्ता ठीक आहे. मोठी, फटफट करणारी निळी ठिणगी दिसली, किंवा टिकल्या काळ्या पडून जळलेल्या असल्या, तर कंडेन्सरचा संशय घ्या. इथे सगळं ठीक असून प्लगला ठिणगी नसेल तर कॉइल, रोटर किंवा कॅप. कॅप उजेडात धरून आतून बघा. केसासारखी चीर किंवा पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर करंट तिथूनच पळतोय. गाडी थंड असताना चालते आणि तापली की बंद पडते, ही तक्रार बहुधा कॉइलची किंवा कंडेन्सरची असते. पावसाळ्यात मिस मारते, ती ओलाव्याची.

दोन सूचना मुलाला आवर्जून द्या. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून विसरू नये, कॉइल तापून जळते. आणि पेट्रोलचा वास येत असताना ठिणगीची परीक्षा करू नये.

गाडीचं नाव नको, नंबर सांगा

काउंटरवर जाऊन "फियाट अडुसष्टचा पॉइंट द्या" म्हटलं की दुकानदार मान हलवतो. त्याची चूक नाही. त्याच्या फळीवर माल गाडीच्या वर्षानं लावलेला नसतो.

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढा, पितळी ब्रश आणि रॉकेलनं साफ करा. काढण्याआधी रोटरचं तोंड आणि डिस्ट्रिब्युटरची जागा इंजिनवर खुणेनं लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा, नाहीतर टायमिंग हरवेल. साफ झालेल्या धातूवर बनवणाऱ्या कंपनीचं नाव, मॉडेलची अक्षरं आणि नंबर कोरलेला दिसेल. इटलीहून आलेल्या फियाटवर मॅग्नेती मारेल्लीचा डिस्ट्रिब्युटर असे. इथे बनलेल्या गाड्यांवर भारतीय बनावटीचे लागले, आणि साठ वर्षांत कुठल्या मिस्त्रीनं काय बदललं हे कागद सांगत नाही. म्हणून पुस्तकावर न जाता आपल्या गाडीवर काय आहे तेच वाचा.

हा नंबर म्हणजे किल्ली आहे. उदाहरण घ्या. लुकासचा २५डी४ हा डिस्ट्रिब्युटर इंग्लंडच्या एमजीबीवर होता, लँड रोव्हरवर होता, त्या काळच्या पुष्कळ इंग्लिश गाड्यांवर होता. त्या गाड्यांचे शौकीन जगभर आहेत, म्हणून त्याचे पॉइंट, कॅप आणि रोटर आजही नवे बनतात. तुमच्या गाडीवर तो निघाला तर काम सोपं झालं. मारेल्लीचा निघाला तर इटलीतले जुन्या फियाटचे विक्रेते पार्सल पाठवतात. मात्र पार्टाच्या किमतीवर टपाल आणि सीमाशुल्क चढतं, ते आधी विचारून घ्या.

नंबर झिजला असेल तर जुना पार्ट बरोबर न्या आणि समोरासमोर ठेवून ताडून बघा. स्क्रूचं भोक, टिकल्यांची उंची, कॅपचा खाचा, रोटरची लांबी. एक जरी जुळलं नाही तरी परत ठेवा.

कुठे शोधायचं

मुंबईची गोष्ट आधी समजून घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथूनच फियाट बाहेर पडायच्या, पुढे त्यांचंच नाव पद्मिनी झालं. हीच गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होती. हजारो टॅक्सी रोज रस्त्यावर असल्यामुळे पॉइंट, कंडेन्सर, कॅप गल्लोगल्ली मिळायचे. कारखान्यातून पद्मिनी बंद झाली तरी टॅक्सी होत्या तोवर माल येत राहिला. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर गिऱ्हाईकही गेलं. गावातला गॅरेजवाला "पार्ट नाहीत" म्हणतो त्याचं मूळ इथे आहे. माल सगळाच संपलेला नाही. त्याचा रोजचा खप संपला, म्हणून तो फळीवरून उतरून मागच्या खोलीत, पोटमाळ्यावर गेला.

तेव्हा जिथे या टॅक्सींची कामं होत होती तिथेच आधी विचारा. कुर्ल्याचा सीएसटी रोड हा जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार. ऑपेरा हाऊसच्या आसपास नव्या पार्टांची जुनी दुकानं आहेत. भेंडी बाजाराजवळच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर जाणार असाल तर लक्षात ठेवा, शुक्रवारी नेहमीची दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून जुन्या मालाचा जुम्मा बाजार भरतो. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं आहेत, आणि बुधवार-रविवारी जुना बाजार भरतो. दिल्लीला कुणी जाणार असेल तर कश्मीरी गेट. मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांच्या सभासदांना कोणाकडे काय आहे ते ठाऊक असतं. विचारायला लाजू नका.

पण दुकानांआधी माणसं शोधा. टॅक्सी दुरुस्त करणारे जुने उस्ताद अजून आहेत. त्यांच्यात आपल्या समाजातले पुष्कळ. कुणी गॅरेज मुलांच्या हाती दिलं, कुणी घरी बसले. त्यांच्या पेटीत पत्र्याच्या डब्यात कंडेन्सर आणि रोटर पडून असतात, आणि हात अजून शाबूत असतात. मशिदीत, मोहल्ल्यात चौकशी केली तर पत्ता लागतो. मुलाला त्यांच्याकडे दोन दिवस बसवा. पार्ट मिळेलच असं नाही, पण कानानं टायमिंग ओळखणं हे पुस्तकातून येत नाही.

काय घ्यावं, काय टाळावं

डब्यात पडून राहिलेला, कधीच न वापरलेला जुना माल चांगला, असं सरसकट म्हणतात. ते पार्टागणिक वेगळं आहे. कॅप आणि रोटर जुने असले तरी चालतात, फक्त चीर बघा. पॉइंटच्या टिकल्यांवर गंज नसावा आणि दांड्याला घासणारं फायबरचं टोक तुटलेलं नसावं. कंडेन्सर मात्र पडून पडूनही खराब होतो, आतलं इन्सुलेशन ओल धरतं. तो साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून मोजून घ्या. मापाचा असेल तर दुसऱ्या गाडीचाही चालतो, फक्त तो घट्ट बसवता आला पाहिजे.

नव्या रोटरमध्येही हलका माल येतो. प्लास्टिक चांगलं नसलं की करंट पितळी पट्टीच्या रिव्हेटमधून खाली दांड्यात उतरतो आणि प्लगपर्यंत पोचतच नाही. नवा रोटर घालून गाडी आधीपेक्षा वाईट चालली तर जुना साफ करून परत घाला आणि फरक बघा.

कॉइल घेताना दुकानात मीटर लावून मोजा. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या दोन छोट्या टोकांमधला रोध साधारण ३ ओहम असतो. दीड ओहमची कॉइल वेगळ्या बॅलास्ट रेझिस्टरबरोबर वापरायची असते. ती तशीच जोडली तर कॉइल तापते आणि पॉइंटही जळतात. "दोन्ही सारख्याच आहेत" असं कुणी म्हटलं तर मानू नका.

काही गोष्टी विकत घ्याव्याही लागत नाहीत. डिस्ट्रिब्युटरचा दांडा डुगडुगत असेल तर कितीही नवा पॉइंट घाला, अंतर टिकणार नाही. अशा वेळी चांगला लेथवाला नवा बुश कातून देतो. कॅपमधला कार्बन झिजला तर मोटरचा कार्बन घासून त्या मापाचा करता येतो. आणि पॉइंट घासतो त्या दांड्यावर ग्रीसचा एक लहान ठिपका लावा. कोरडा राहिला तर फायबर झिजतं, अंतर कमी होतं आणि ठिणगी उशिरा पडू लागते.

पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवण्याचीही सोय आहे. कॅपखाली लपतं, वारंवार सेटिंग लागत नाही. पण जुन्या इंग्लिश गाड्यांपैकी अनेकांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. तिथे उलट्या जोडणीचं सर्किट लावलं तर ते जळून जातं. शिवाय घाटात सर्किट बसलं तर हातानं काही करता येत नाही. पॉइंट असेल तर रस्त्याकडेला पॉलिश पेपर फिरवून घरी येता येतं. बसवायचंच असेल तर काढलेला जुना संच जपून ठेवा.

सौदा खरा असावा

या बाजारात रंगवलेल्या जुन्या कॉइली आणि नामांकित कंपनीच्या डब्यातला हलका माल विकला जातो. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची हदीस आपल्याला माहीत आहे. ऐब लपवून विकणाऱ्याशी त्यांनी आपलं नातं नाकारलं. ओलं धान्य वर ठेवा म्हणजे लोकांना दिसेल, ही त्यांची सूचना पार्ट विकणाऱ्यालाही लागू आहे. "ही कॉइल वापरलेली आहे, चालू आहे, पण खात्री नाही" असं सांगून विकली तर त्यात काही वावगं नाही. न सांगता विकली तर ती फसवणूक आहे.

घेणाऱ्यालाही हक्क आहे. लपलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क फिकहमध्ये खियार-ए-ऐब या नावानं मानलेला आहे. देशाचा कायदाही तेच सांगतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. "इलेक्ट्रिकचा माल परत नाही" ही पाटी त्याच्या वर नाही. म्हणून बिल मागा. बिल असलं की माल चोरीचा नाही याचीही थोडी खातरी होते. भाव फारच कमी असेल आणि विकणारा कुठून आणलं ते सांगत नसेल तर तो पार्ट आपल्या गाडीला नकोच.

उधळपट्टी आहे का?

हे पार्टाच्या किमतीवरून ठरत नाही, घराच्या हिशोबावरून ठरतं. कुणाचं कर्ज थकलं आहे, मुलीची फी भरायची आहे, घरात औषधपाणी चालू आहे, आणि पैसा गाडीत जातोय, तर तो इसराफ आहे, पॉइंट कितीही स्वस्त असो. या गोष्टी भागल्यावर ठरवलेल्या रकमेत एखादी जुनी वस्तू चालू ठेवली आणि त्यातून मुलगा हातचं काम शिकला, तर त्यात मला काही गैर दिसत नाही. आकडा आधी वहीत लिहा आणि तिथे थांबा. पहिला टप्पा फक्त ठिणगीचा. रंग आणि सीटचं कापड त्यानंतर. जकातीबद्दलही विचारलं जातं. स्वतःच्या वापरातल्या गाडीवर जकात नाही. विकून नफा कमवायच्या हेतूनं घेतली असेल तर बाजारभावावर आहे.

पण या पत्रात मला त्याहून मोठी गोष्ट दिसते. गाडी सासऱ्यांची होती. ती भंगारात द्यायची की दुरुस्त करायची, हे एकट्या दिरांनी ठरवायचं नाही आणि एकट्या नातवानंही नाही. मरहूमांचं कर्ज आणि वसीयत यांनंतर जे उरतं त्यात गाडीही आली. सासूबाई हयात असतील तर त्यांचा आठवा हिस्सा. मरहूमांचे आई-वडील हयात नसतील तर बाकीचं मुलगे आणि मुली यांच्यात, मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. सासरी गेलेल्या नणंदांना विचारायचं राहून जातं, आणि नेमकं तिथेच आपल्या घरांत हक्क मारला जातो. गाडीची किंमत दोन-तीन जाणकारांकडून काढून घ्या. कुणी एकानं ठेवायची असेल तर बाकीच्यांना त्यांचा हिस्सा द्या, किंवा त्यांनी राजीखुशीनं सोडला असं सर्वांसमोर लिहून घ्या. दबावाखाली दिलेली संमती ही संमती नव्हे. हे झाल्यावर पार्टावर पैसा घाला, म्हणजे उद्या खर्चावरून भाऊ-बहीण दुरावणार नाहीत.

कागदाचंही तसंच. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. उशीर झाला असेल तर दंड भरून का होईना, पण आधी हे करा. विम्याशिवाय रस्त्यावर आणू नका. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे. तशी नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. कोणती नोंदणी हवी ते घरात बसून ठरवा.

गाडी चालू झाली की डिकीत पत्र्याचा एक डबा ठेवा. त्यात एक पॉइंट, दोन कंडेन्सर, एक रोटर, एक प्लग, फिलर गेज, पॉलिश पेपर आणि कोरडं फडकं. डब्याच्या झाकणाच्या आत डिस्ट्रिब्युटरचा नंबर, पॉइंटचं माप आणि पार्ट जिथून मिळाला त्या दुकानाचं नाव रंगानं लिहून ठेवा. कागद हरवतो, झाकण हरवत नाही. पुढे कधी पार्ट लागला तर शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागणार नाही.